उचलीची वही

आमच्या मशीनशॉपचं ऑफिस म्हणजे शेडच्या कोपऱ्यात प्लायवूड मारून केलेली आठ बाय दहाची खोली. तिथल्या टेबलाच्या डाव्या खणात लाल कापडी बांधणीची एक लांबट वही असायची. खणाला कुलूप आणि किल्ली आबांच्या बंडीच्या खिशात. कामगार तिला 'उचलीची वही' म्हणायचे, आबा नुसतं 'वही' म्हणायचे. पगारपत्रक, हजेरीबुक, विक्रीकराची कागदपत्रं ही सगळी कपाटात उघडी पडलेली असत. कुलूप फक्त वहीला.

आबा म्हणजे माझे वडील. १९७८ साली कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात दोन जुन्या लेथवर त्यांनी काम सुरू केलं. आधी ऑइल इंजिनचे सुटे भाग, मग पंपाचे, पुढं ट्रॅक्टरच्या कास्टिंगचं मशीनिंग. माणसं कधी बारा, कधी सोळा, बहुतेक वेळा चौदा. मी बी.कॉम. होऊन, लग्न होऊन, दोन पोरं शाळेत घालून २००६ पासून हिशोब बघायला जाऊ लागले. तरी वही हातात यायला मला नऊ वर्षं लागली. ती आली तेव्हा आबा नव्हते.

वहीत प्रत्येकाचं एक पान. 'मुलीचं लग्न – ४०,०००.' 'आईचा मोतीबिंदू – ८,०००.' 'घरावर पत्रे – ६,५००.' 'गणपती – १,०००.' समोर दरमहा कापलेले पाचशे, सातशे. काही रकमांवर तांबड्या पेन्सिलीची आडवी रेघ आणि बाजूला एकच शब्द : 'सोडले.' एका पानावर पैशांचा आकडाच नव्हता. तिथं लिहिलं होतं, 'दारू पुन्हा सुरू. पगार बायकोच्या हातात.'

हे शेवटचं मला आठवतं. दर महिन्याच्या ७ तारखेला ती बाई दुपारी चारला यायची, पदर घट्ट लपेटून शेडच्या दाराशी उभी राहायची. आबा पाकीट तिच्या हातात द्यायचे, नवरा खाली मान घालून ड्रिलवर भोकं मारत असायचा. पगार ज्याचा त्याच्या हातात द्यावा असं कायदा म्हणतो. ज्याचा तो पगार, त्याला चौदा माणसांसमोर काय वाटत असेल, हे आबांनी कधी विचारलं नाही. पण त्या बाईची दोन्ही पोरं शिकली, एक आयटीआय झाला, आणि ती अजून दिवाळीला आमच्याकडं येते. तिला कुणी सांगून बघावं की आबांनी तिच्या नवऱ्याच्या हक्कावर गदा आणली.

आपल्याकडचा लहान धंदा बहुतेक असाच चालतो. मालक मायबाप. तो पोराच्या शाळेसाठी चिठ्ठी देतो, भावाभावांच्या वाटणीत मध्यस्थी करतो, दवाखान्यात रात्री बाकावर बसतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला उशिरा आल्याबद्दल सगळ्यांदेखत झाडतो. आबांनी एका शिकाऊ पोराला कानफटातही मारलेलं मी बघितलंय. फिरत्या चकवर हात घातला म्हणून. पोराच्या बापानं संध्याकाळी येऊन आबांचे आभार मानले.

व्यवस्थापनाच्या शास्त्रात या रीतीचा बराच अभ्यास झालेला आहे हे मला फार उशिरा, मुलीच्या एमबीएच्या पुस्तकातून कळलं. आपण त्याला पितृवत नेतृत्व म्हणू. फार आणि चेंग या दोन अभ्यासकांनी चिनी लोकांच्या कंपन्या बघून २००० साली त्याचे तीन पदर मांडले : धाक, माया आणि स्वतःचं स्वच्छ वागणं. मालकाचा शब्द शेवटचा, पण तो तुमच्या घरादाराची काळजी घेतो, आणि तो स्वतः लबाड नसतो. पुढच्या अभ्यासांत दिसलं ते असं की माया आणि स्वच्छ वागणं यांनी माणसं समाधानी राहतात, धाकानं बहुतेक बिघडतात. त्याच साली तुर्कस्तानच्या झेनेप आयजान यांनी सहकाऱ्यांसोबत दहा देशांची तुलना प्रसिद्ध केली. मालकानं बापासारखं वागावं असं मानण्यात भारत, तुर्कस्तान, पाकिस्तान, चीन वरच्या टोकाला. जर्मनी, इस्रायल खालच्या. म्हणजे हे काही आमच्या उद्यमनगराचं खूळ नाही.

मला मात्र जास्त पटले ते पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जे. बी. पी. सिन्हा. १९८० साली त्यांनी या विषयावर आख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : आपल्याकडं माणसाला वर कुणीतरी मोठं हवं असतं, नातं हवं असतं, नुसता करार त्याला कोरडा वाटतो. तेव्हा माया करा, पण ती कामाशी बांधा. चांगलं काम करणाऱ्याला जवळ घ्या, आणि तो तयार झाला की हळूहळू दोर सैल सोडून त्याला निर्णयात घ्या. आबांनी यातला पहिला भाग कुठलंही पुस्तक न वाचता उत्तम केला. दोर सैल सोडणं मात्र त्यांना जन्मात जमलं नाही.

त्याची किंमत २००९ साली कळली. बेअरिंग बसवायच्या घराचं काम होतं, तीनशे नग. जुन्या ड्रॉइंगप्रमाणे भोक ६२ मिलिमीटर, वर तीन शतांश मिलिमीटरपर्यंत जास्त गेलं तरी चाले. गिऱ्हाइकानं ड्रॉइंग बदललं. आता बेअरिंग दाबून बसवायचं होतं, म्हणून भोक ६२ च्या आत ठेवायचं. नवा कागद मशीनजवळ क्लिपला अडकवलेलाही होता. आबा सकाळी फेरीला आले, सवयीनं म्हणाले, "बासष्ट, वर दोन." आणि पुढं गेले. मशीनवर होते मामा. मामा म्हणजे आमचे सगळ्यांत जुने टर्नर, शेडमधल्या सगळ्यांचे मामा. मामांना ड्रॉइंग वाचता येत होतं. आबांपेक्षा बरं येत होतं म्हणा ना. त्यांनी कागदाकडं बघितलं, आबांच्या पाठीकडं बघितलं, आणि बासष्टवर दोन मारत सुटले. भोक लहान राहिलं तर परत काम मारता येतं, मोठं झालं की लोखंड परत चिकटत नाही. तीनशेच्या तीनशे नग परत आले, वर कास्टिंगच्या किमतीची डेबिट नोट.

मी मामांना बाजूला घेऊन विचारलं, "मामा, कागद तुमच्यासमोर होता की."

"आबा बासष्ट म्हणाले न्हवं? मग मी मधी कशाला तोंड घालू, ताई?"

आबा त्यांच्यावर एक अक्षर रागावले नाहीत. नुकसान स्वतःच्या अंगावर घेतलं, कुणाचा एक रुपया कापला नाही. शेडमध्ये आठवडाभर आबांच्या मोठेपणाचीच चर्चा. मला त्या मोठेपणाचा फार राग आला. चूक बापाची, माफीही बापाचीच, आणि पोरानं बोलायला हवं होतं हा विषय कुणाच्या मनातही नाही! रागावले असते तर निदान मामा पुढच्या वेळी बोलले असते.

त्याच्या आदल्या वर्षीची मंदीही याच बापपणानं निभावली, हेही सांगायला हवं. २००८ च्या शेवटी वाहनउद्योगाची कामं एकदम आटली, आजूबाजूच्या शेडमध्ये निम्मी माणसं घरी बसवली. आबांनी एकालाही काढलं नाही. आठवड्यात चार दिवस काम, बाकी मशीनची सर्व्हिसिंग, शेडला रंग, गटार साफ. पण पाचवा दिवस कुणाला द्यायचा हे आबा एकटे ठरवायचे, आणि ठरवायचे गरजेवर. ज्याच्या घरी लग्नाची मुलगी त्याला पाच दिवस. नव्या सीएनसी मशीनवर आमचा एकच तरबेज पोरगा होता, बिनलग्नाचा, त्याला चार. "याला काय खर्च आहे?" पोरगा महिन्याभरात शिरोलीला मोठ्या कारखान्यात गेला. जाताना पेढे घेऊन पाया पडायला आला, आबांनी पेढा हातात घेतला आणि टेबलावर ठेवला. पुढं एका लग्नात तो समोर आला तेव्हा आबांनी तोंड फिरवलं. नोकरी सोडली असं आबांच्या मनात कधी येतच नसे. त्यांच्या लेखी तो घर सोडून गेला होता.

आबांच्या खुर्चीमागं लक्ष्मणराव किर्लोस्करांचा फोटो होता. आमच्या भागात कारखानदार मंडळींचं ते दैवतच. १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या, निवडुंगानं भरलेल्या माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी उभी केली, नांगराचा कारखाना आणि कामगारांची वस्ती एकत्रच. शिक्षा भोगलेल्या गुन्हेगारांना त्यांनी रखवालदार म्हणून ठेवलं ही गोष्ट आबा दर खंडेनवमीला सांगायचे. मशीन धुतलेली, झेंडूच्या माळा, बायकापोरं नवे कपडे घालून आलेली, आणि आबा खुर्चीत. पोरं एकेक करून पाया पडायची, आबा नाव आणि इयत्ता अचूक सांगायचे. आबांना त्या फोटोतली माया दिसायची. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. माळावर शाळा, पाणी, दवाखाना असं काहीच नसताना ते मालकानं करणं हा मोठेपणाच. पण १९१० साली कामगाराला दुसरं काही मागायला जागाच नव्हती. आबांच्या काळात होती. प्रॉव्हिडंट फंडाचा कायदा १९५२ चा, ग्रॅच्युइटीचा १९७२ चा. फंड वीस माणसांपासून लागायचा, आम्ही चौदा, म्हणून सुटलो. ग्रॅच्युइटी मात्र दहा माणसांपासून लागते. आबांना ती लागते हे ठाऊक नव्हतं असं म्हणायला माझी जीभ वळत नाही. "आपली माणसं आहेत, त्यांना मी काय कमी करतोय?" एवढ्यावर विषय संपायचा.

२०१३ साली आबांना अर्धांगाचा झटका आला आणि शेड माझ्याकडं आलं. मी उत्साहानं सगळं सरळ करायला घेतलं. अंगठ्याचं हजेरीयंत्र. दहा मिनिटं उशीर, अर्धा दिवस कट. उचल बंद, बँकेकडं जा. पगार खात्यावर, हातात स्लिप. तीन महिन्यांत माणसं आठला पाच कमी असताना अंगठा लावायला लागली, मी खूश. मग एक दिवस संध्याकाळी वीज गेली, रात्री अकराला आली, आणि सकाळी गाडी भरायची होती. आबांच्या वेळी अशा रात्री माणसं निरोप न पाठवता यायची, कुणी भडंग आणायचं, पहाटे चारपर्यंत लेथ चालायचे. मी सात जणांना फोन केले. दोघांनी उचलला. त्यातला एक म्हणाला, "ताई, रात्रीचा अंगठा कसा लावायचा?"

टोमणा होता, पण खोटा नव्हता. माझ्याकडं ते करारानं बांधले गेले होते आणि मी करार दिवसा आठ ते साडेपाचचा केला होता. आबांशी असलेलं इमान आबांपाशीच होतं. शेड माझ्या नावावर झालं म्हणून ते इमान काही सातबाऱ्यावर चढत नाही. लहान धंद्यात बाप गेला की मुलगा उभा राहत नाही, असं लोक म्हणतात आणि मुलाला नालायक ठरवतात. मला वाटतं, निम्म्या वेळा मुलगा ठीक असतो. माणसं मालकाला बांधलेली असतात, धंद्याला नव्हे, आणि मालक स्मशानात गेलेला असतो.

उचल मी परत सुरू केली. दोन महिन्यांच्या पगाराइतकी, कुणालाही, कारण न विचारता. कारण न विचारण्यावर जुनी माणसं नाराजच झाली. सांगायचं असतं त्यांना. बायकोची सोनोग्राफी, भावानं बांध कोरला, हे सगळं सांगूनच पैसे घेतल्यासारखे वाटतात. मग सकाळी अकराच्या चहाला मीही आबांसारखी मशीन-मशीनवर फिरू लागले. ऐकते. पण पैसे ऐकण्यावर ठरत नाहीत. वह्या दोन केल्या; एक माझ्याकडं, एक छोटी ज्याची त्याच्याकडं, दोन्हींत सही. कुणाची रक्कम सोडायची तर तीही दोन्हींत लिहायची. आणि प्रत्येक नवा जॉब लावला की पहिला नग मशीनवाल्यानं मोजायचा, मी सांगितलेलं माप नि ड्रॉइंग जुळत नसेल तर मशीन बंद ठेवायची. पहिलं वर्षभर कुणी बंद ठेवली नाही. मग एकदा मी मुद्दाम चुकीचं माप सांगितलं. सगळ्यांत धाकट्या पोरानं मशीन बंद केली आणि घाबरून संडासात जाऊन बसला. त्याला बाहेर काढून मिसळ खायला नेलं. आबा असते तर तेही त्याला खायला घेऊन गेले असते, फक्त निराळ्या कारणासाठी.

२०१५ साली आबा गेले आणि वही माझ्या हातात आली. मामांचं पान सगळ्यांत लांब होतं. मामा २०११ च्या डिसेंबरअखेर निवृत्त झाले होते. मोठा समारंभ केला होता आबांनी. फेटा, कपाळाला टिळा, मनगटी घड्याळ, दोघांना पूर्ण आहेर, आणि पाकिटात ५१,००० रुपये. मामा आबांच्या पायांवर डोकं ठेवून रडले, आबाही रडले, मीही रडले. वहीत त्यांच्या पानावर साठ हजारांच्या रकमांवर तांबडी रेघ होती. सोडले, सोडले, सोडले.

एका रात्री सहज म्हणून मी कॅल्क्युलेटर घेतला. शेवटचा पगार ९,१०० रुपये. ग्रॅच्युइटीला महिना सव्वीस दिवसांचा धरतात, म्हणजे दिवसाचे ३५०. वर्षाला पंधरा दिवस, ५,२५०. हजेरीबुकात मामांचं नाव पहिल्यांदा सापडत होतं ते जानेवारी १९८१ ला, म्हणजे एकतीस वर्षं. एक लाख बासष्ट हजार सातशे पन्नास. पंधरा मिनिटांचं गणित. चौदा माणसांच्या शेडमध्ये, एकतीस वर्षांत, ते कुणीही केलं नव्हतं. मामांनी नाही, आबांनी नाही, आणि २००६ पासून हिशोब बघणाऱ्या बी.कॉम. बाईनंही नाही. बापमाणसाकडं हिशोब नसतो असं आपण धरून चालतो. आबांकडं होता, पैशापैशाचा होता. फक्त त्यांनी काय दिलं तेवढंच त्यात लिहिलेलं होतं.

आमचा हिशोबनीस म्हणाला, सोडलेले साठ हजार वळते करून घ्या. ते मला पटलं नाही, आबांनी स्वतः रेघ मारली होती. पण निवृत्तीच्या दिवशीचे ५१,००० वजा करायला हरकत नाही असं मलाच वाटलं. ते त्यापोटीच दिले होते ना? १,११,७५० चा चेक लिहिला आणि २०१६ च्या जानेवारीत मामांच्या गावी गेले, करवीर तालुक्यातच.

मामा अंगणात शेंगा निवडत होते. चेक बघून त्यांचा चेहरा पडला. "हे कशाचं? आबांनी मला कधी कमी केलं व्हय? लोक काय म्हणतील, मालक गेल्यावर मागं लागला." त्यांनी चेक माझ्याकडं सरकवला. मी कायदा सांगितला, मग हक्क सांगितला, कशाचाच उपयोग नाही. मामी आतून चहा घेऊन आल्या. कपबशी ठेवली, चेक उचलला, लांब धरून बघितला.

"कसं काढलं ताई, सांगा बघू."

मी सांगितलं. सव्वीस दिवस, पंधरा दिवस, एकतीस वर्षं. मामी बोटांच्या पेरांवर मोजत होत्या.

"एकतीस न्हाई. हे लागले तवा थोरला पोटात हुता. ऐंशी साल, मे महिना. मिरगाच्या आधी. शेड गळत हुतं म्हणून पहिल्या पावसात भिजून आलेले, मला आठवतंय की."

मे १९८० ते डिसेंबर २०११. एकतीस वर्षं आणि वर सात महिने. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पुरं वर्ष धरायचा, असं कायद्यातच आहे. ते हजेरीबुक तर आमच्याकडं नव्हतंच. १९८० चं सगळं पावसात गेलेलं. मी म्हटलं, "बत्तीस धरते, मामी. एक लाख अडुसष्ट हजार."

"आणि हे कमी कशानं झालं?"

"ते एक्कावन्न हजार आबांनी तेव्हा दिले होते ना, ते वजा केलेत."

मामींनी मामांकडं बघितलं. मामा शेंगांकडं बघत होते.

"ते तर आहेर म्हणून दिलं," मामी म्हणाल्या. "टिळा लावून. आहेर कुणी वजा करतं व्हय?"

मी पर्समधून चेकबुक काढलं आणि जुना चेक फाडून १,६८,००० चा नवा लिहिला. मामांनी तो घेतला नाही. मामींनी घेतला, डबीत ठेवला आणि म्हणाल्या, चहा गार झाला, दुसरा टाकते. उशिरा दिलेल्या ग्रॅच्युइटीवर व्याजही द्यायचं असतं. त्याचं त्यांनी काही विचारलं नाही आणि त्या दिवशी मीही काढलं नाही.